लुटीनंतरची रात्र

सोलापुरात शिकण्यासाठी येणारी पुष्कळ मुले घरापासून प्रथमच दूर राहत असतात. कोणी अकलूज-बार्शीकडून, कोणी करमाळा-मंगळवेढ्याकडून, तर कोणी सीमेपलीकडील इंडी-विजयपूर भागातून येते. वसतिगृहाची खोली, महिन्याच्या बोलीवर लावलेली खानावळ आणि रात्री उशिरापर्यंत उघडी असणारी अभ्यासिका, एवढेच त्यांचे जग असते. दिवसभर गजबजलेले सात रस्ता, पार्क चौक, नवी पेठ हे भाग रात्री हळूहळू शांत होतात. त्या शांततेतून सायकलीवर किंवा पायी खोलीकडे परतणारा विद्यार्थी हे या शहराचे नेहमीचे दृश्य आहे.

अशाच एखाद्या विद्यार्थ्याचा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. अभ्यासिका बंद झाली आहे. तो दिवा नसलेल्या वळणावर पोहोचतो. मागून आलेली मोटारसायकल त्याच्यापुढे आडवी थांबते. दोघे उतरतात. एकाच्या हातात काहीतरी चमकते. खिशातला मोबाइल, पाकीट आणि दहावीच्या यशाबद्दल आजीने गळ्यात घातलेली बारीक साखळी, सारे काही मिनिटभरात जाते. पाकिटात वसतिगृहाचे भरावयाचे पैसे असतात, महाविद्यालयाचे ओळखपत्र असते. मोटारसायकल निघून जाते आणि रस्ता पुन्हा पूर्वीसारखा शांत होतो. मुलगा मात्र पूर्वीसारखा राहत नाही.

खोलीत पोहोचल्यावर मित्राच्या मोबाइलवरून तो घरी फोन लावतो. त्या क्षणी पलीकडून जे पहिले वाक्य येते, त्यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. बहुतेक घरांतून येणारे वाक्य असे असते, “एवढ्या रात्री तिकडे कशाला गेला होतास?” त्यात राग नसतो, घाबरलेले प्रेमच असते. पण रस्त्यावरून थरथरत आलेल्या मुलाला त्यातला आरोप तेवढा ऐकू येतो. दुसरा प्रश्न साखळीचा असतो, तिसरा पैशांचा. ‘तुला लागले तर नाही ना?’ हा प्रश्न कधीकधी चौथ्या क्रमांकावर येतो. तोवर मुलाने मनाशी ठरवून टाकलेले असते, की यापुढे असे काही झाले तर घरी सांगायचे नाही. काही मुले पहिल्याच वेळी तसे ठरवतात. मोबाइल रिक्षात विसरला असे सांगतात, उसने पैसे काढून वसतिगृहाचे शुल्क भरतात आणि महिनोन्‌महिने एकट्याने ते ओझे वाहतात.

लुटले जाणे हा अपराध नव्हे, हे बुद्धीला कळते. मनाला कळत नाही. लुटल्या गेलेल्या मनुष्याला, आणि विशेषतः तरुण मुलाला, सर्वांत आधी लाज वाटते. आपण प्रतिकार का केला नाही, ओरडलो का नाही, साखळी स्वतःच्या हाताने काढून का दिली, हे प्रश्न त्याला झोपू देत नाहीत. मित्रांच्या थट्टेत तेच प्रश्न पुन्हा भेटतात. शस्त्रासमोर वस्तू देऊन टाकणारा भित्रा नसतो आणि प्रतिकार करणारा मूर्ख नसतो. त्या काही क्षणांत शरीर जे करते, त्याचा न्याय दिवाणखान्यात बसून करण्याचा अधिकार कोणालाच नाही.

प्रतिकार करणाऱ्यांच्या वाट्यालाही शंका कशी येते, हे अरुणिमा सिन्हा यांच्या उदाहरणातून देशाने पाहिले आहे. उत्तर प्रदेशातील ही तरुण व्हॉलीबॉल खेळाडू एप्रिल २०११ मध्ये नोकरीच्या कामासाठी लखनौहून पद्मावत एक्स्प्रेसने दिल्लीस निघाली होती. बरेलीजवळ काही लुटारूंनी तिच्या गळ्यातील सोन्याची साखळी ओढली. तिने ती दिली नाही. त्यांनी तिला धावत्या गाडीतून बाहेर ढकलले. शेजारच्या रुळावरील गाडीखाली तिचा पाय चिरडला आणि ती रात्रभर रुळांजवळ पडून राहिली. तिचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. एवढे होऊनही तिने स्वतःच उडी घेतली असावी, ती रूळ ओलांडत असावी, अशा शंका घेतल्या गेल्या. पुढे बचेंद्री पाल यांच्या मार्गदर्शनाखाली तिने गिर्यारोहणाचे शिक्षण घेतले आणि २१ मे २०१३ रोजी कृत्रिम पायाने एव्हरेस्टचे शिखर गाठले. २०१५ मध्ये तिला पद्मश्री मिळाली. ही कथा जिद्दीची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. परंतु प्रत्येक लुटलेल्या मुलाने शिखर गाठावे अशी अपेक्षा करणे योग्य नाही. या कथेतून घरांनी घेण्याजोगी गोष्ट साधी आहे. जखमी मनुष्याच्या बोलण्यावर प्रथम विश्वास ठेवावा. शिखरावर जाण्यापूर्वी तिला रुग्णालयाच्या खाटेवर आपले खरेपण सिद्ध करावे लागले, हे विसरू नये.

विश्वास ठेवल्यानंतर कृतीची वेळ येते आणि ती त्याच रात्री येते. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे; रेल्वेप्रवासात असा प्रसंग आल्यास १३९ या क्रमांकावर आणि लोहमार्ग पोलिसांकडे तक्रार करता येते. सिमकार्ड बंद करणे आणि बँकेला कळवून मोबाइलवरील व्यवहार थांबवणे ही कामे सकाळपर्यंत ठेवू नयेत, कारण आज मोबाइल हेच पाकीट झाले आहे. प्रत्येक मोबाइल संचाला पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक असतो. तो खोक्यावर आणि खरेदीच्या पावतीवर छापलेला असतो. पोलिसांतील तक्रारीच्या आधारे शासनाच्या ‘संचार साथी’ व्यवस्थेतून तो क्रमांक रोखता येतो आणि मग देशातील कोणत्याही कंपनीचे सिमकार्ड त्या संचात चालत नाही. म्हणून पावतीचे एक छायाचित्र घरी आई-वडिलांपाशी असावे. एवढी साधी तरतूद ऐनवेळी फार उपयोगी पडते.

पोलीस ठाण्यात गेल्यावर शब्दांकडे लक्ष द्यावे लागते. वस्तू गहाळ झाल्याची नोंद आणि गुन्ह्याची फिर्याद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नकळत केलेली चोरी, अचानक हिसकावून नेणे, भय दाखवून वा मारहाण करून केलेली जबरी चोरी आणि पाच किंवा अधिक जणांनी मिळून घातलेला दरोडा, असे निरनिराळे गुन्हे आहेत. साध्या चोरीला आणि हिसकावण्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. जबरी चोरीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे आणि ती सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात महामार्गावर घडली असेल तर ही मर्यादा चौदा वर्षांपर्यंत जाते. चाकू दाखवून नेलेला मोबाइल ‘हरवला’ असे लिहून देणे म्हणजे घडलेला गुन्हा आपल्याच हाताने पुसून टाकणे होय. संकोचामुळे किंवा लवकर सुटका व्हावी म्हणून अनेक मुले नेमके हेच करतात.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या ठाण्यात फिर्याद देता येते. तीच ‘शून्य क्रमांकाची’ नोंद. माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गाने कळवली असेल तर तीन दिवसांत येऊन स्वाक्षरी करावी लागते. प्रथम खबरी अहवालाची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. नोंद नाकारली गेल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवण्याची वाट आहे. तपासाची प्रगती नव्वद दिवसांत फिर्यादीला कळवावी, अशीही तरतूद आहे. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने हे सारे एकट्याने निभावावे अशी अपेक्षा करू नये. वडील गावाहून पोहोचेपर्यंत वसतिगृहाचे गृहपाल, एखादे प्राध्यापक किंवा गावातले कोणी काका-मामा त्याच्यासोबत ठाण्यात बसले, तर त्याचा जबाब अधिक स्पष्ट आणि अधिक खरा होतो.

खरा जबाब देणे मात्र वाटते तितके सोपे नाही. चाकू समोर असतो तेव्हा दृष्टी चाकूवर खिळते आणि धरणाऱ्याचा चेहरा पुसट राहतो, हे मानसशास्त्राने वारंवार दाखवून दिले आहे. शिवाय स्मृती ही पेटीत बंद करून ठेवलेली वस्तू नव्हे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवून वेग विचारला गेला. काहींना ‘गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा’ असे विचारले, तर काहींना ‘गाड्यांचा चक्काचूर झाला तेव्हा’ असे विचारले. पहिल्यांनी सरासरी वेग ताशी सुमारे ३२ मैल सांगितला, दुसऱ्यांनी सुमारे ४१. त्याच धर्तीच्या दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानंतर काचा फुटलेल्या पाहिल्या का असे विचारले, तेव्हा ‘चक्काचूर’ हा शब्द ऐकलेल्यांपैकी अधिक जणांना फुटलेल्या काचा आठवल्या. चित्रफितीत त्या नव्हत्याच.

घरातही असेच घडते. मुलाभोवती जमलेली मंडळी मायेनेच विचारतात, “काळासावळा होता ना? तिकडच्या वस्तीतलाच असणार. गेल्या महिन्यातही तिथलीच पोरं धरली होती म्हणे.” मुलगा दोनदा ‘माहीत नाही’ म्हणतो, तिसऱ्यांदा ‘असेल’ म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी ‘होय’ म्हणतो. तो खोटे बोलत नसतो. इतरांनी पुरवलेला चेहरा त्याच्या आठवणीत शिरलेला असतो. म्हणून त्या रात्री मुलाला सूचक प्रश्न विचारू नयेत. काय घडले ते त्याने आपल्या शब्दांत, कागदावर, वेळ व ठिकाणासह लिहावे आणि जे दिसले नाही त्यापुढे ‘दिसले नाही’ असेच लिहावे.

‘तिकडच्या वस्तीतला’ या शब्दांना सोलापुरात एक जुना, दुःखद इतिहास आहे. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती देशभर वाढली. काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या गेल्या. मनुष्याने काय केले हे पाहण्याआधी तो कोणाच्या पोटी जन्मला हे पाहिले जाई. सोलापुरात अशा जमातींना तारेच्या कुंपणाआड ठेवणारी मोठी वसाहत होती. तेथील स्त्री-पुरुष शहरातील कापडगिरण्यांत राबत, नेमलेल्या वेळी हजेरी देत आणि परवानगीवाचून बाहेर जाऊ शकत नसत. कुंपणाआड जन्मलेल्या लेकराच्या नावापुढेही तोच शिक्का बसे. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि तो दिवस आजही ‘विमुक्त दिन’ म्हणून पाळला जातो. कुंपण गेले, पण शहराच्या त्या भागाचे ‘सेटलमेंट’ हे नाव लोकांच्या तोंडी राहिले. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा जन्माने लागलेला तो शिक्का आतून कसा भाजतो, हे मराठी वाचकाला कळले. लुटल्या गेलेल्या मुलाच्या भोवती बसून एखाद्या वस्तीचे नाव सहज घेतले जाते, तेव्हा काढून टाकलेले ते कुंपण पुन्हा उभारले जाते.

या दोन्ही दुःखांचा, लुटीच्या भयाचा आणि खोट्या आळाचा, अनुभव एकाच मनुष्याने घेतल्याचे उदाहरण जैन साहित्यातच आहे. कविवर बनारसीदास हे सतराव्या शतकातील व्यापारी. जौनपूर-आग्र्याकडच्या वाटांवर त्यांचे आयुष्य गेले. १६४१ मध्ये त्यांनी ‘अर्धकथानक’ हे आत्मचरित्र लिहिले. हिंदीतील आद्य आत्मचरित्र म्हणून ते ओळखले जाते. एकदा प्रवासात वाट चुकून ते आपल्या सोबत्यांसह चोरांच्या गावात शिरले. प्रसंगावधान राखून त्यांनी संस्कृत श्लोक म्हणत चोरांच्या म्होरक्याला आशीर्वाद दिला. त्याला हे ब्राह्मण वाटले आणि त्याने आसरा दिला. मग रात्री यांनी कपड्यांचे दोरे काढून जानवी वळली आणि कपाळी मातीचे टिळे लावले. सकाळी त्याच म्होरक्याने त्यांना योग्य वाटेला लावून दिले. दुसऱ्या एका प्रवासात मात्र उलट घडले. खोटे नाणे चालवल्याच्या संशयावरून बनारसीदास आणि त्यांच्या सोबतचे प्रवासीच ठग ठरले. रात्रभर पहारा बसला आणि सकाळी त्यांच्यासाठी सूळ आणले गेले. जवळच्या गावातील सोयरीक ऐनवेळी आठवली, ओळख पटली आणि म्हणून प्राण वाचले. ज्याला सोयरीक नसेल, ज्याच्यासाठी शब्द टाकणारे कोणी नसेल, त्याचे काय होत असेल, हा प्रश्न त्या प्रसंगाने मागे ठेवला आहे. आजच्या ओळख परेडीत उभ्या केलेल्या गरीब मुलाच्या बाबतीतही तोच प्रश्न असतो. अशा वेळी त्याचे रक्षण करणारी एकच गोष्ट उरते. ती म्हणजे फिर्यादीचा प्रामाणिकपणा.

लुटीच्या साखळीत आणखी एक कडी आहे आणि ती पुष्कळदा सज्जनांच्या घरापर्यंत पोहोचते. हिसकावलेला मोबाइल लुटारू स्वतः वापरत नाही, तो विकतो. बाजारभावाच्या निम्म्या किमतीत, पावतीशिवाय, खोक्याशिवाय मिळणारा संच कोणीतरी ‘स्वस्तात मिळाला’ म्हणून आनंदाने घेतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हाही कायद्याने गुन्हा आहे. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत ‘तदाहृतादान’, म्हणजे चोराने आणलेली वस्तू घेणे, हा दोष आचार्यांनी स्वतंत्रपणे सांगितला आहे. चोरीला गिऱ्हाईक असते म्हणून चोरी टिकते, ही बाजाराची रीत व्यापारी समाजाला त्यांनी किती पूर्वी समजावून सांगितली होती! आपल्या मुलाचा मोबाइल गेला म्हणून हळहळणाऱ्या घरात दुसऱ्या कोणाच्या मुलाचा मोबाइल तर आलेला नाही ना, एवढे पाहून घेणे अवघड नाही.

गेलेल्या वस्तूंपैकी काही परत मिळतात, काही मिळत नाहीत. जप्त झालेला मुद्देमाल न्यायालयाच्या आदेशाने मालकाला मिळतो. त्यासाठी पावती, क्रमांक आणि थोडा धीर लागतो. ओळखपत्राची दुसरी प्रत निघते. आजीची साखळी बहुधा वितळवली गेलेली असते आणि तिची भरपाई नव्या साखळीने होत नाही. आजीने नातवाला जवळ घेऊन ‘तू आलास ना घरी, पुष्कळ झाले’ असे म्हटले, तर मात्र ती जखम लवकर भरते.

न दिसणारी हानी अधिक काळ टिकते. मागून मोटारसायकलचा आवाज आला की छाती धडधडते. मुलगा अभ्यासिकेत जाणे बंद करतो, वाचलेले लक्षात राहत नाही, झोपेतून दचकून उठतो. काही आठवड्यांत हे बहुधा ओसरते. न ओसरल्यास समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा मानू नये. ‘पुरुषासारखा पुरुष आणि घाबरतोस काय’ हे वाक्य घरात कोणी उच्चारू नये. मुलीच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. लूट झाली म्हणून तिचे शिक्षणच थांबवून तिला गावी परत नेण्याचा विचार अनेक घरांत लगेच पुढे येतो. तसे झाले तर लुटारूंनी साखळी नेली आणि घराने पदवी नेली, असा त्याचा अर्थ होतो.

म्हणून लुटीनंतरची ती पहिली रात्र जपली पाहिजे. त्या विद्यार्थ्याच्या घरी फोन वाजतो तेव्हा पहिला प्रश्न त्याच्या कुशलाचा असावा. मग कोणीतरी त्याच्यासोबत ठाण्यात जावे. त्याने घडले ते सांगावे, न दिसलेले सांगू नये. चार दिवसांनी ठाण्यातून बोलावणे येईल, रांगेत काही चेहरे उभे असतील आणि सगळ्यांची अपेक्षा असेल की त्याने बोट दाखवावे. खात्री असेल तर त्याने न घाबरता दाखवावे. खात्री नसेल तर ‘साहेब, मला ओळखता येत नाही’ एवढेच म्हणून परत यावे. बाहेर वडील उभे असतील. त्यांनी ‘सापडला का?’ असे न विचारता त्याच्या खांद्यावर हात ठेवावा आणि त्या संध्याकाळी त्याला अभ्यासिकेपर्यंत सोबत करावी. पुढच्या आठवड्यात तो एखाद्या मित्राबरोबर जाईल आणि काही दिवसांनी, दिव्याच्या रस्त्याने, पुन्हा एकटा जाऊ लागेल.